सोडणारी आणि बघणारी

शालन गेली हे मला तिच्याच मोबाईलवरून कळलं. सकाळी फोन वाजला, पडद्यावर तिचं नाव होतं. उचलता उचलता मी म्हणाले, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं, बाईसाहेब इतक्या लवकर उठल्या?" पलीकडून तिच्याकडे कामाला येणाऱ्या संगीताचा आवाज आला, "मावशी, मी बोलतीये... मॅडम उठंनात." अंगावरच्या साडीनिशी मी रिक्षा धरली. केडगावच्या माझ्या घरून सावेडीला तिच्याकडे जाईपर्यंत तिला काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. गोळ्या वेळेवर घेत नाहीस, जेवणाची टाळाटाळ करतेस, जणू ती ऐकून घेणारच होती. पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. शालन भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखी पडली होती आणि तिचा उजवा हात चादरीवर होता, अगदी स्थिर. तिला कंपवात होता. तो हात स्थिर असा मी कितीतरी वर्षांनी पाहत होते, आणि मला रडू आलं ते आधी हाताकडे बघून, मग चेहऱ्याकडे.

आम्ही दोघी घोडेगावच्या ज्युनियर कॉलेजात शिकवायचो. ती फिजिक्स, मी गणित. दोघी नगरला राहायचो, सकाळी एकाच एसटीनं जायचो आणि संध्याकाळी मिळेल त्या जीपनं परत यायचो. बाजाराच्या दिवशी जीपमध्ये माणसांबरोबर शेळ्याही असायच्या. अशाच एका दिवशी एका करडानं माझ्या उत्तरपत्रिकांचा कोपरा चावला तेव्हा शेजारी बसलेली ही नवी बाई मला म्हणाली, "खाऊ द्या मॅडम, तेवढेच पेपर कमी तपासायला." मी चिडले होते. मला लवकर राग येतो, तो तेव्हाही यायचा. पण नगर येईपर्यंत आमची अहोजाहो संपली होती. नंतर माझे यजमान गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला. तिनं लग्न केलंच नव्हतं, धाकट्या भावाला शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. रोजच्या त्या एसटीत शेजारी बसणारं माणूस हेच आम्हा दोघींचं घरचं माणूस झालं, आणि ते कधी झालं ते आम्हाला कळलंही नाही.

तिच्या प्रयोगशाळेत मी कशी शिरले ते सांगायला हवं. परिचराची जागा रिकामी होती, ती काही भरली जात नव्हती. अकरावीचा एक प्रयोग मात्र असा की त्याला दोन माणसं लागायची. प्रयोग साधाच. टेबलावर ॲल्युमिनियमची वाकवलेली पन्हळ बसवायची, वरच्या टोकाला खुणेपाशी एक पोलादी गोळी धरायची आणि सोडून द्यायची. गोळी घरंगळत येते, टेबलाच्या काठावरून आडवी सुटते आणि हवेत कमान काढून जमिनीवर पडते. जिथं पडेल तिथं पांढरा कागद आणि त्यावर कार्बनपेपर ठेवलेला असतो. गोळी आपटली की खालच्या कागदावर निळा ठिपका उमटतो. काठापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजलं की काठ सोडताना गोळीचा वेग किती होता ते काढता येतं. पुन्हा पुन्हा त्याच खुणेवरून सोडली तर ठिपके एकमेकांना चिकटून पडले पाहिजेत. मुलांच्या पहिल्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी शालन हा प्रयोग स्वतः करून बघायची, दर वर्षी, न चुकता. सोडणारी ती. खाली जमिनीवर गुडघे टेकून बघणारी मी. तिचा एक कडक नियम होता. सोडणाऱ्यानं गोळी कुठं पडते ते बघायचं नाही, नजर खुणेवर ठेवायची. "पुढं बघत राहिलं की हात नकळत मदत करायला जातो," असं तिचं म्हणणं. त्यामुळे प्रत्येक वेळी ती वरून विचारायची, "कुठं पडली?" आणि मी खालून सांगायची. त्या कार्बनपायी माझ्या दोन साड्या गुडघ्यापाशी कायमच्या निळ्या झाल्या. पुढं मी त्या दिवसासाठी एक गडद जांभळी साडी वेगळीच काढून ठेवली.

मुलं काय गमती करायची! आजकालच्या पोरांनी कार्बनपेपर पाहिलेलाच नसतो. दर वर्षी कुणीतरी तो उलटा ठेवायचं. गोळी दणकन आपटायची, उचलून बघावं तर खालचा कागद कोराच. मग तो पोरगा शालनकडे बघून प्रामाणिकपणे सांगायचा, "मॅडम, गोळी पडलीच न्हाई." शालन त्यावर कधी रागावली नाही. कार्बन सुलटा करून द्यायची आणि म्हणायची, "आता पाड." तिला राग यायचा तो ढकलण्याचा. मुलांना वाटायचं, आपली गोळी लांब गेली पाहिजे, म्हणून ती सोडता सोडता बोटानं जरासा जोर लावायची. तो कुणाला दिसायचा नाही, पण कागदावर एक ठिपका कळप सोडून पुढं गेलेला असायचा. शालन त्या ठिपक्यावर बोट ठेवायची. "सोडायचं, ढकलायचं नाही. तिला तिच्या वजनानं जाऊ दे."

माझी आणि तिची खरी भांडणं या ठिपक्यांवरून व्हायची. मी म्हणायची, सूत्रात आकडे घाल, उत्तर एकच येतं, तुझे ठिपके मात्र दर वेळी दुसरीकडे. ती म्हणायची, "तुमचं गणित हवेतच राहतं गं, आमचं बिचारं खाली पडतं." एकदा मला गप्प करायला तिनं दोन गोळ्या घेतल्या. एक पन्हळीवरून सुटून लांब जाऊन पडणारी, आणि दुसरी त्याच क्षणी टेबलाच्या काठावरून सरळ खाली टाकलेली. दोघींचा आवाज एकदमच आला, टक्. लांब जाणारीला जास्त वेळ लागत नाही, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सिद्ध करत आले होते. पण कानांनी ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि माझ्या अंगावर काटा आला. तिला ते दिसलं. पुढं कित्येक महिने जीपमध्ये मला चिडवायला ती जिभेनं नुसता 'टक्' असा आवाज काढायची.

शालन पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातली. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, धाकट्या भावाला बरोबर न्यायचे, हिला शाळेसाठी मामाकडे ठेवायचे. ज्वारी हुरड्यात आली की मामा तिला राखणीला शेतातल्या मचाणावर बसवायचा आणि हातात गोफण द्यायचा. एवढं सगळं तिनं मला एकदाच सांगितलं, एसटी पांढरीच्या पुलाजवळ बंद पडली होती तेव्हा, रस्त्याकडेला उभं राहून. "लई भ्या वाटायचं गं. चहूकडं नुसती ज्वारी, मानूस म्हनून दिसायचं न्हाई. मंग पाखरं नसली तरी मी गोफन फिरवायची. दगुड लांब कुठंतरी पडायचा आन् टप्प् करून आवाज यायचा... तेवढंच बरं वाटायचं. कुनीतरी वळखीचं बोलल्यावानी." मी तिला पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की दिली आणि ती तिनं घेतली.

तिच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. नेहमीसारखा आदला दिवस, रिकामी प्रयोगशाळा, मी खाली, ती वर. आमचे ठिपके बरोबर आलेत की नाही हे बघण्याची माझी एक पद्धत होती. हातातली बांगडी काढून मी ठिपक्यांवर ठेवायची. सगळे ठिपके बांगडीच्या आत मावले की झालं, उद्या मुलांना बोलवायला हरकत नाही. त्या दिवशी पहिले दोन ठिपके पडले आणि मला जरा विचित्र वाटलं. तिसरा त्यांच्याही पुढं गेला, चौथा मागं राहिला. "कुठं पडली?" तिनं वरून विचारलं. मी सांगितलं, "शालन, बांगडीच्या बाहेर चाललेत." ती खाली आली, कागद बघितला, पुन्हा वर जाऊन पन्हळीचे स्क्रू घट्ट केले, गोळी पदरानं पुसली, पंखा बंद केला. परत तेच. ठिपके लांबीत पसरत होते, म्हणजे गोळी प्रत्येक वेळी वेगळ्या वेगानं सुटत होती. गणितवालीला एवढं तर कळतंच. मी उठले आणि म्हणाले, "मी सोडते, तू बघ." मी सोडल्यावर ठिपके बांगडीत मावले. मग ती म्हणाली, "तुझा हात चांगला हाय गं," आणि आपला उजवा हात तिनं पदराखाली घेतला.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, कधी बरं वाटायचं, कधी नाही. फळ्यावर लिहिताना ती आता डाव्या हातानं उजवं मनगट धरायची, आणि मुलांना वाटायचं मॅडमचा खांदा दुखतोय. प्राचार्य भला माणूस होता. त्यानं तिला बोलावून सांगितलं की मॅडम, प्रॅक्टिकल तासिकेवरच्या सरांकडे देऊ, तुम्ही फक्त वर्गावर शिकवा, तुम्हालाही आराम. ती त्याला "बघते" म्हणाली आणि संध्याकाळी जीपमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. निवृत्त होईस्तोवर प्रयोगशाळा सोडायची नाही, एवढंच तिला हवं होतं. दुसरं तिनं आयुष्याकडे काही मागितलेलं मला तरी माहीत नाही. आणि भीती होती ती मुलांची. "हसले तर हसू दे. पण माझी कीव केली ना मंगल, तर मी दुसऱ्या दिवशी पाय ठेवणार नाही तिथं." मी म्हणाले, मुलांना सोडायला लाव ना, तू नुसती बाजूला उभी राहा. ती म्हणाली, "आणि मी काय करू? हजेरी घेऊ?"

त्या वर्षीच्या प्रॅक्टिकलला मुलं थोडीच होती. बाकीच्यांची नावं आमच्याकडे आणि पोरं नगरच्या क्लासला, हे तेव्हा सगळीकडेच सुरू झालं होतं. माझा तास नव्हता, मी जांभळी साडी नेसून खाली बसले होते. दर वर्षी पहिल्यांदा शालन करून दाखवायची आणि मग मुलं करायची. मला वाटलं होतं आज ती पहिल्यापासूनच मुलांना पुढं करेल. तिनं गोळी उचलली. हात खुणेपर्यंत नेतानाच थरथरत होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. प्रयोगशाळेत इतकी शांतता झाली की बाहेर बाजारातल्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या. तिनं गोळी सोडली. पुन्हा सोडली. दर वेळी "कुठं पडली?" विचारलं आणि दर वेळी मी खरं सांगितलं. मग मी कार्बन उचलला आणि तो पसरलेल्या ठिपक्यांचा कागद तिनं फळ्यावर चिकटवला. "बघा, ठिपके एका ठिकाणी पडले नाहीत. आता एररची कारणं लिहा." मुलं माना खाली घालून लिहायला लागली. पन्हळ हलली असेल. पंखा चालू होता. फुटपट्टी नीट धरली नाही. "अजून एक राहिलंय," शालन म्हणाली. कुणी वर बघेना. पुढच्या बाकावर अश्विनी नावाची मुलगी होती, तिनं पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, ते न्हाई लिहिलं तर चालंल का?"

मी जमिनीवरून शालनच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, झालं, ही आता चालायला लागणार. तर तिनं हात कमरेवर ठेवले. "फुटपट्टीचं लिहिताना लाज वाटली का? न्हाई ना? मंग माझ्या हातानं तुझं काय घोडं मारलंय? लिव्ह." वर्गात पहिल्यांदा मॅडमच्या तोंडून गावाकडची बोली निघाली होती. एक पोरगा फिसकन हसला, मग सगळेच हसले, मग तीही हसली. अश्विनीनं लिहिलं. लिहून झाल्यावर परत मान वर केली, "पन मॅडम, हाताची चूक किती धरायची?" आणि शालनचा चेहरा जो खुलला, तो मी आजवर विसरले नाही. "मोजून काढ," ती म्हणाली. मग त्या पोरांनी एकेकानं गोळी सोडली, आपले ठिपके आणि मॅडमचे ठिपके शेजारी शेजारी लावले, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी हलेनात. परत येताना जीपमध्ये तिनं एकदा जिभेनं 'टक्' केलं. निवृत्तीच्या दिवसापर्यंत प्रॅक्टिकल तिच्याकडेच राहिलं.

त्यानंतर मीही निवृत्त झाले. एसटी संपली, जीप संपली. माणसं म्हणतात आता आराम करा, पण आराम किती करणार... रोज दिवेलागणीला आमचा फोन असायचा. तिचा आवाज त्या आजारानं बारीक होत गेला, मला दोनदोनदा विचारावं लागायचं. "काय करत होतीस?" "बसलीये." "बरी आहेस ना?" "मला काय धाड भरलीय?" रविवारी मी तिच्याकडे जायची. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली असायची, वॉकर शेजारी. चहा मीच करायची, कप अर्धाच भरायची म्हणजे सांडत नाही. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. "आत लई पसारा हाय, बघू नको," असं ती म्हणायची आणि मला ते खरंच वाटायचं, कारण आयुष्यभर तिच्याइतकी पसारेवाली बाई मी दुसरी पाहिली नव्हती. कॉलेजनं प्रयोगाचा नवा संच घेतला तेव्हा ती जुनी पन्हळ भंगारात गेली, असंही तिनंच मला सांगितलं होतं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी तिच्या भाच्याचा, विकासचा फोन आला. घर रिकामं करून भाड्यानं द्यायचं होतं. "मावशी, आत्याचं हे काय हाय ते जरा बघून सांगता का? भंगारात द्यायचं का ठेवायचं?" मी गेले. त्यानं आतल्या खोलीचं दार उघडलं. पसारा नव्हताच. खोली झाडून पुसून लख्ख होती. मधोमध टेबल आणि टेबलावर पन्हळ, आमचीच, घट्ट बसवलेली. एका वाटीत पोलादी गोळी होती. कागद नाही, कार्बन नाही. मी खाली बघितलं. हिरव्या कोटा फरशीवर पांढरे टवके उडाले होते, मोहरीएवढे, बारीक बारीक, कितीतरी. टेबलापासून पार पलंगाच्या पायापर्यंत पसरलेले. एकही जागा अशी नव्हती की जिथं ते दाटीनं पडलेत. म्हणजे हात पार बिघडल्यानंतरचेच सगळे. विकास म्हणाला, "फरशी बदलावी लागंल. भाडेकरू कटकट करत्याल." मी म्हणाले, "बदल." दुसरं काय सांगणार?

मग तो खाली टेम्पोवाल्याशी बोलायला गेला आणि मी त्या फरशीवर बसले. माझे गुडघे आता वाकत नाहीत, तरी बसले. ती टेबलापाशी उभी राहत असेल, खुणेवर नजर ठेवून गोळी सोडत असेल. मग वॉकर सरकवत सरकवत टेबलाला वळसा घालून स्वतःच बघायला येत असेल. पलंगाखाली गेलेली गोळी काढायला किती वेळ लागत असेल तिला, ती वाकायची कशी, पडली असती म्हणजे... आणि परत वर. आणि मी इकडे केडगावात टीव्हीसमोर बसलेली, मालिका संपायची वाट बघत. केडगावहून सावेडीला काय रिक्षा मिळत नाही? एकदा म्हणाली असती तर मी आले असते. रोज आले असते. मला तरी घरात कोण होतं! रविवारी तर मी त्या दाराच्या अलीकडेच बसलेली असायची, चहाचा कप हातात घेऊन, आणि हिनं मला आत येऊ दिलं नाही. वर्गातल्या पोरांना हात दाखवला, मला दाखवला नाही.

मला तिचा इतका राग आला की विकास वर आला तेव्हा मी रडत होते आणि त्याला वाटलं दुःखानं रडतेय. पन्हळ मी घेतली नाही, देऊन टाक म्हणाले. तो राग काही उतरलेला नाही. संध्याकाळी कणीक मळताना तो मध्येच उसळतो आणि मी स्वयंपाकघरात एकटीच तिला मोठ्यानं बोलते, चांगली खडसावते, खोटारडी म्हणते. मग थांबते, ती आता काहीतरी उलट बोलेल म्हणून... थोडा वेळ हात तसेच परातीत असतात. मग पुन्हा कणीक मळायला घेते, दोन पोळ्यांची.